तेरावा खटका

हँडब्रेकचे खटके मोजायची सवय मला बायकोमुळे लागली. 2024 च्या मे महिन्यात आम्ही परशुरामला मावशीकडे गेलो होतो. मावशीच्या घरी जाणारी पाखाडी संपली की थोडा गाडीरस्ता आहे, चढाचा, आणि त्याच्या एका अंगाला जांभ्याचा गडगा. फाटकाशी गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला आणि फाटक उघडायला उतरलो. कडी काढतोय तोवर मागे खडीवर टायर वाजला. वळून बघतो तर गाडी बायकोसकट मागे निघालेली. वेगात नाही, पंगतीतून भरल्या पोटी उठलेला माणूस पाटावरून जसा सरकतो तशी. तिच्या मांडीवर फणसाच्या गऱ्यांचा डबा होता. तो तिने आधी नीट खाली ठेवला आणि मग दोन्ही हातांनी हँडब्रेक आणखी वर ओढला. गाडी गडग्याला टेकली आणि हँडब्रेक लागला, दोन्ही एकाच क्षणी. श्रेय कोणाला द्यायचं याचा निकाल आमच्या घरात अजून लागलेला नाही.

"अहो, तेरा खटके झाले," ती उतरता उतरता म्हणाली. "तुम्ही किती ओढला होतात?"

मी मोजले नव्हते. कोण मोजतं? गाडी न्यूट्रलमध्ये ठेवली होती हे मी त्या दिवशी कोणाला सांगितलं नाही. इथे सांगून टाकतो.

घरी आल्यावर गाडीचं पुस्तक काढलं. नव्या गाडीबरोबर मिळतं, विम्याच्या कागदांखाली दबून जातं, आणि गाडी विकताना पुढच्या मालकाला कोऱ्या अवस्थेत देतात, ते पुस्तक. त्यात लिहिलं होतं की हँडब्रेक ठरावीक जोर लावून ओढला तर चार ते नऊ खटक्यांत लागला पाहिजे. आमचा तेराव्याला लागत होता, तोही गडग्याच्या मदतीने.

हे दुखणं नवं नव्हतं. तीन वर्षांत तीन वेगवेगळ्या गॅरेजमध्ये मी हीच तक्रार घेऊन गेलो होतो आणि तिन्ही ठिकाणी उपाय एकच झाला. दोन सीटमधला प्लास्टिकचा खोका उचलायचा, हँडब्रेकच्या बुडाशी वायर ताणणारा नट असतो तो आवळायचा, हँडब्रेक एकदा ओढून दाखवायचा. दहा मिनिटांचं काम. पाच खटक्यांत ब्रेक लागतो, गिऱ्हाईक खूश होतं, आणि दोन महिन्यांत सहा, आठ, दहा. शेवटच्या वेळी तर मेकॅनिक म्हणाला, "साहेब, नटाचे आटेच संपले. आता वायर बदलावी लागेल."

वायर आणायचीच असं मी ठरवत होतो. पडवीत बसलेले आप्पा म्हणाले, "वायर म्हणजे काय चड्डीची नाडी आहे, दर दोन महिन्यांनी सैल व्हायला? आत बघितलंय का कोणी?"

आप्पा म्हणजे माझे वडील. चिपळूण आगारातून एसटीचे चालक म्हणून निवृत्त झाले. बरीच वर्षं त्यांनी कुंभार्ली घाट चढून-उतरून कऱ्हाडची फेरी मारली. 'ज्या गिअरात घाट चढलात त्याच गिअरात उतरा' ही आमच्या घरातली पहिली वाहतूकविषयक शिकवण. पाढे त्याच्यानंतर आले. त्यांच्याकडे ऐनाच्या लाकडाची एक तिरकी उटी आहे. गाडी कुठेही उभी केली, अगदी सपाटीला का असेना, की ते डिकीतून ती काढून मागच्या चाकाला लावतात. चंदनाची उटी देवाला, ऐनाची गाडीला. लहानपणी मला याची लाज वाटायची. मोठा झाल्यावर मी त्यावर विनोद करायला लागलो.

मोठ्या गाड्यांच्या ब्रेकबद्दल आप्पांनी मला एकदा सांगितलेली गोष्ट मात्र मी विसरलेलो नाही. हवेचे ब्रेक असलेल्या बसचा किंवा ट्रकचा उभा करायचा ब्रेक स्प्रिंगने लागतो. ती दणकट स्प्रिंग कायम ब्रेक लावायलाच टपलेली असते. टाकीतली हवा तिला दाबून धरते म्हणून गाडी चालते. चालकाने खटका ओढला की 'फुस्स' करून हवा बाहेर पडते आणि स्प्रिंग आपलं काम करते. कुठे गळती होऊन हवा गेली तर गाडी सुटत नाही, जागीच धरून बसते. "मोठ्या गाडीचा ब्रेक मुळात लागलेला असतो, तो हवेने सोडवायचा," आप्पा म्हणाले होते. "तुमच्या खेळण्याचा मुळात सुटलेला असतो. तो तारेने लावायचा. म्हणून उटी." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

तर आत बघायचं ठरलं. मृग आठ-दहा दिवसांवर आला होता. आमच्याकडे पावसाळ्यात ड्रम, म्हणजे मागच्या चाकातला ब्रेकचा गोल लोखंडी डबा, उघडण्यात अर्थ नसतो. सगळं ओलं, आणि हातातून पडलेली स्प्रिंग अंगणातल्या चिखलात जी जाते ती दिवाळीत झाडताना सापडते.

पहिली गंमत अशी की हँडब्रेक दुरुस्त करायचा तर आधी तो सोडावा लागतो. शू, म्हणजे आतून ड्रमवर दाबणारे ब्रेकचे तुकडे, ड्रमला धरून बसले असतील तर ड्रम निघणारच नाही. म्हणजे ज्या कामात गाडी जॅकवर चढवून तिच्या बगलेत डोकं घालायचं, नेमक्या त्याच कामात तिला धरून ठेवणारी वस्तू सोडून द्यायची. आमच्या गाडीला जोर पुढच्या चाकांना मिळतो, म्हणून गिअर टाकला की पुढची चाकं धरली जातात. तरी गिअरवर विसंबायचं नाही. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून अडवायचं, आणि मागे जॅकखेरीज स्टँड लावायचा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. त्या दिवशी ऐनाची उटी मी स्वतः जाऊन आणली. आप्पा काही बोलले नाहीत. चष्मा पुसत बसले.

जॅक लावायच्या आधीच चाकाचे नट अर्धा फेरा सैल करून घेतले. चाक काढलं. दोन सीटमधला नट पार सैल केला, म्हणजे वायरीचा ताण गेला. एवढं करूनही ड्रम हलेना. ड्रमच्या आतल्या काठाला, शू जिथे घासत नाहीत तिथे, गंजाची कड तयार होते. बाहेर येताना शू त्या कडेला अडकतात. ड्रमच्या तोंडावर आटे पाडलेली दोन भोकं होती. त्यात 8 मिलिमीटरचे बोल्ट घालून आळीपाळीने थोडे थोडे आवळले. एकच बोल्ट आवळत गेलं तर ड्रम तिरका होऊन आणखी रुततो. मध्ये मध्ये लाकूड धरून हातोडीचे ठोके. मग एकदम 'ठप्प' आवाज झाला आणि ड्रम माझ्या मांडीवर आला. आईला आतून वाटलं मीच पडलो.

ड्रम निघाला की आत काळी भुकटी दिसते. ती तोंडाने फुंकून उडवायचा मोह फार होतो. फुंकायची नाही, हवेच्या पाइपनेही मारायची नाही. जुन्या लायनरमध्ये, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या थरात, ॲस्बेस्टॉस असायचं आणि आपल्या गाडीत कोणाचे लायनर बसलेत याची खात्री कोणी देत नाही. तोंडाला मास्क लावून, साबणाच्या पाण्याने भिजवून, फडक्याने टिपून घ्यायची आणि ते फडकं टाकून द्यायचं. आप्पा म्हणाले, आम्ही तर फुंकतच आलो. मग गप्प झाले. त्यांना सकाळचा खोकला आहे, तो विडीचा आहे असं आम्ही सगळे धरून चालतो.

उघड्या ड्रम ब्रेककडे पहिल्यांदा बघणाऱ्याला पोटात गोळा येतो, पण तो प्रकार तसा सरळ आहे. समोरासमोर दोन शू, कंसासारखे. वरच्या बाजूला दोघांच्या मध्ये व्हील सिलिंडर. पायाचा ब्रेक दाबला की ऑइलच्या दाबाने तो दोन्ही शूंना बाहेर ढकलतो. खाली दोघे एका ठोकळ्यावर टेकलेले. स्प्रिंगा त्यांना परत आत ओढतात. हँडब्रेकला वेगळे शू नाहीत. मागच्या शूला आतून एक लोखंडी पट्टी अडकवलेली असते, वायर तिचं खालचं टोक ओढते, आणि पट्टी मधल्या आडव्या दांड्यावर रेटा देऊन दोन्ही शू फाकवते. मागे डिस्क असलेल्या काही गाड्यांत डिस्कच्या मधल्या टोपीच्या आत हँडब्रेकपुरते छोटे शू बसवतात. ते फक्त उभ्या गाडीवर लागतात, त्यामुळे झिजून जायच्या आधी बहुधा गंजूनच जातात.

मला या रचनेत सगळ्यात आवडतं ते हे: फिरणारा ड्रम दोनपैकी एका शूला आपल्याबरोबर ओढत नेतो, आणि ओढला गेलेला शू पाचरीसारखा आणखी घट्ट रुततो. म्हणजे गाडीचीच घसरण्याची ओढ ब्रेकच्या कामी येते. गाडी पुढे जात असताना हा मान पुढच्या शूचा. ती चढावर मागे घरंगळायला लागली की ड्रम उलटा फिरतो आणि तेच काम मागच्या शूकडे जातं. मात्र त्यासाठी शू ड्रमला टेकलेला तरी हवा. आमचा टेकतच नव्हता.

का, हे शोधताना आधी संशयितांना सोडत गेलो. सिलिंडरच्या टोकाची रबरी टोपी जराशी उचलून पाहिली, आत कोरडं होतं. ऑइल गळत असतं तर लायनर भिजून फुकट गेले असते. (ड्रम काढलेला असताना ब्रेकच्या पेडलला पाय लावायचा नाही, नाहीतर सिलिंडरचा पिस्टन बाहेर येतो. घरातल्या मुलांना हे आधीच बजावून ठेवावं.) लायनर तीनेक मिलिमीटर शिल्लक, फक्त वर काचेसारखी झिलई चढलेली. ड्रमला आतून नख फिरवलं तर खोल चरे नाहीत. स्प्रिंगा शाबूत. मग नजर गेली त्या मधल्या दांड्यावर.

हा दांडा दिसतो साधा, पण सगळा जीव त्याच्यात असतो. त्याच्या मध्यावर एक दातेरी चकती आणि आत आटे. लायनर झिजले की शूंना ड्रमपर्यंत जास्त अंतर जावं लागतं. तेवढं अंतर पडलं की एक छोटी पट्टी चकतीचा एक दात पुढे ढकलते आणि दांडा किंचित लांब होतो. शू पुन्हा ड्रमच्या जवळ. माणसाने काही करायचं नाही, गाडी चालवत राहायचं. एवढी वर्षं चाललेल्या गाडीत हा दांडा चांगला लांबलेला असायला हवा होता. आमचा पूर्ण मिटलेला होता, जणू काल कारखान्यातून आला. आणि वरून तीन वेळा वायर ताणल्यामुळे हँडब्रेकची पट्टी आपल्या जागेवर न टेकता अर्धवट उचललेली राहिली होती, म्हणजे होती नव्हती ती आपोआप जुळण्याची शक्यताही संपलेली. ताण सगळा तारेत, आणि आत शू आपले लांब बसलेले.

मी डिसमिसच्या टोकाने ती छोटी पट्टी हलवून पाहिली. चकतीचा एक दात सरकला. दांडा लांब व्हायच्या ऐवजी आखूड व्हायला बघत होता.

आप्पा उकिडवे बसून बघत होते. म्हणाले, "आटे बघ कुठल्या अंगाचे आहेत."

डाव्या आणि उजव्या चाकांतले हे दांडे एकसारखे दिसतात, पण एकाचे आटे सुलटे असतात आणि दुसऱ्याचे उलटे, कारण दोन्हीकडे पट्टी चकतीला वेगवेगळ्या दिशेने फिरवते. दांडा काढला, पुसला. मी उजव्या चाकापाशी बसलो होतो आणि माझ्या हातातल्या दांड्यावर 'एल' हे अक्षर कोरलेलं होतं.

मी पहिल्यांदा मनात त्या तीन मेकॅनिकना शिव्या दिल्या. मग लक्षात आलं की त्यांनी तर ड्रम उघडलेच नव्हते, तीच तर माझी तक्रार होती. ही चाकं आतून एकदाच उघडली गेली होती.

22 जुलै 2021. त्या दिवशी चिपळुणात काय झालं ते इथल्या कोणाला सांगायला नको. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत इमारतींच्या पहिल्या मजल्याला लागलं. आमची आळी थोडी उंचावर. पाणी अंगणात आलं, गाडीच्या अर्ध्या चाकांपर्यंत चढलं आणि तिथे थांबलं. नशीब म्हणायचं. पाणी उतरलं तेव्हा मागे राहिला तो गाळ, पिठासारखा बारीक, वास मारणारा, दाराच्या बिजागरीपासून देव्हाऱ्यापर्यंत. शहरातलं एकही गॅरेज आठवडेच्या आठवडे रिकामं नव्हतं. त्यांच्या स्वतःच्याच हत्यारांवर गाळ बसला होता. गाडी ढकलली तर मागची चाकं करकरत होती. तेव्हा मी आणि आप्पांनी ड्रम उघडून गाळ धुतला. आप्पांच्या हातात पाण्याचा पाइप होता आणि ते सारखं म्हणत होते, एका वेळी एकच बाजू उघड, दुसरी बघायला राहू दे. मला घाई होती. घरातल्या गाद्या रस्त्यावर होत्या, आई माळ्यावरची भांडी मोजत होती, वीज नव्हती. मी दोन्ही बाजू एकदम उघडल्या, सगळे भाग एकाच घमेल्यात टाकून धुतले, आणि संध्याकाळ व्हायच्या आत बसवले.

त्या घमेल्यात डावं-उजवं झालं. तेव्हापासून प्रत्येक खटक्याबरोबर तो दांडा इमानाने उलट काम करत होता. ब्रेकचं पेडलही हळूहळू खोल जायला लागलं होतं, पण ते इतकं हळू की माझ्या पायाला त्याची सवय झाली.

बॅकप्लेटच्या, म्हणजे शू ज्या पत्र्यावर बसतात त्याच्या, मागच्या खाचेत डिसमिस फिरवला तर त्या गाळाची वाळलेली खपली निघाली. तीन वर्षांची. मी ती बोटाने चुरडली. आप्पा म्हणाले, "दुसरी बाजू पण उघडावी लागेल आता. आज दोन्ही एकदम उघडलीस तरी चालेल." एवढंच. 'मी तेव्हा सांगत होतो' हे वाक्य मी दिवसभर वाट बघूनही आलं नाही, आणि ते आलं असतं तर बरं झालं असतं.

पुढचं काम वेळखाऊ, पण डोक्याला ताप नाही. डावी बाजू उघडली. तिथे अपेक्षेप्रमाणे 'आर' भेटला. दोन्ही दांड्यांचे आटे रॉकेलने धुतले, पुसले, उष्णता सोसणारं ग्रीस बोटाच्या टोकावर घेऊन लावलं. बॅकप्लेटवर शू जिथे घासत सरकतात त्या उंचवट्यांनाही तेवढंच. लायनरला ग्रीसचं बोट लागता कामा नये. लायनरची झिलई पॉलिश पेपरने काढली. पेपर ओला करून, म्हणजे भुकटी उडत नाही. स्प्रिंगा चढवताना माझी पक्कड दोनदा निसटली, एक स्प्रिंग तुळशीवृंदावनावर आपटून परत आली. आप्पांनी तीच स्प्रिंग डिसमिसच्या दांडीवरून घसरवत एका झटक्यात जागेवर बसवली. या वयात त्यांच्या हाताला कंप आहे. स्प्रिंग धरली की जातो.

जुळवणीचा क्रम महत्त्वाचा. आधी शू, मग वायर. ड्रम चढवायचा, हाताने फिरवायचा, चकतीचे दात सरकवत जायचं. ड्रम जड व्हायला लागला की दोन-तीन दात मागे. कान लावला तर कागदावर कागद घासल्यासारखा आवाज यावा, त्याहून जास्त नाही. दोन्ही ड्रम चढल्यावर पेडल दहा-बारा वेळा दाबायचं म्हणजे शू आपापल्या मध्यावर बसतात, मग पुन्हा एकदा तपासायचं. हे दोन्ही चाकांना झालं की शेवटी आतला नट. आणि नट आवळल्यावर, हँडब्रेक खाली असताना, दोन्ही मागची चाकं मोकळी फिरतात का ते बघायचं. फिरत नसतील तर गाडी चालताना शू घासत राहतील, ड्रम तापेल आणि पेट्रोल जास्त जाईल. नट आधीच्यापेक्षा कितीतरी कमी आवळावा लागला. आटे संपलेली वायर अजून तीच आहे.

संध्याकाळी परशुरामला गेलो, त्याच चढावर. बायको आत बसायला तयार नव्हती, हे मला रास्त वाटलं. आठ खटके. पाय काढला. गाडी एकदा स्प्रिंगांवर डुलली आणि उभी राहिली. मग तोंड उताराकडे करून पुन्हा तेच. आप्पा उटी हातात घेऊन चाकाशेजारी उभे होते. त्यांनी ती लावली नाही, पण खालीही ठेवली नाही.

पुतण्याच्या पुण्यातल्या नव्या गाडीत हँडब्रेकच्या जागी एक बटण आहे. दाबलं की मोटर किणकिणते. मागचे पॅड बदलायचे तर ती मोटर आधी मागे घ्यावी लागते आणि त्यासाठी बहुतेक वेळा कॉम्प्युटर जोडतात. आप्पांनी ते बटण दोनदा दाबून पाहिलं आणि विचारलं, "किती खटके?"

पावसाळ्यात आम्ही हँडब्रेक लावत नाही, हेही सांगून ठेवतो. कोकणातल्या दमट हवेत गाडी चार दिवस हँडब्रेक ओढून ठेवली तर लायनर गंजाने ड्रमला चिकटतात. मग सुटताना कधी 'कट्' आवाज येतो, कधी लायनरच शूवरून उखडून येतो. गिअर आणि उटी. डिकीत आता दोन आहेत.

आता सवयीने रोज मोजतो. पहिल्या आठवड्यात आठ होते. दांडा योग्य दिशेला फिरतोय की नाही हे त्याशिवाय कळायचं कसं? जूनच्या अखेरीस, बाजारातून आल्यावर अंगणात दोन मिनिटांपुरता ओढला. सात.

आत जाऊन आप्पांना सांगितलं. ते बातम्या बघत होते. "पुढच्या महिन्यात सांग," म्हणाले.